कवळीताईची एकतीस तारीख

“एकतीस तारीख म्हणे! माणसाला आधी विचारायची काही पद्धत असते की नाही?” पॉलिशवाली चाकापाशी बसून पुटपुटत होती. “उद्या म्हणतील, तुझं डोकं काढून फळीवर ठेव, त्याचीही तारीख ठरलीय.”

चाकाच्या घरघरीत आपलं बोलणं कुणाला ऐकू जात नाही, असा तिचा अकरा वर्षांचा समज होता. खरं तर त्या दहा बाय बाराच्या खोलीत कुणी शिंक दाबली तरी कळायची. कवळीताई तिच्या पाठीमागे हातभर अंतरावर बसून एका वरच्या कवळीचे पुढचे दात मेणात रोवत होती. समोरच्या दोन दातांत केसाएवढी फट ठेवायची होती. कवळी एका म्हाताऱ्या गायिकेची होती आणि बाईंनी डॉक्टरांकरवी चिठ्ठी धाडली होती, ‘फट पाहिजेच. नाहीतर आरशात कोणी परकी बाई दिसते.’ आपल्याला काय हवं ते एका ओळीत सांगणारी माणसं कवळीताईला फार आवडत. तशी माणसं घरात नव्हती.

“कसली गं एकतीस तारीख?” तिने विचारलं.

चाक थांबलं. पॉलिशवालीने चष्म्यावरची पांढरी पूड पदराने पुसली, मग पुन्हा पुसली.

“तुम्हाला माहीत नाही?”

“माहीत असतं तर विचारलं असतं का?”

“काल साहेब आले होते. तुम्ही डॉक्टरांकडे गेला होतात तेव्हा. म्हणाले, एकतीस तारखेपासून वर्कशॉप तुझं, ताई आता निवृत्त. आणि हा कागद दिला.” तिने ड्रॉवरमधून घडी काढली. “मला हवंय की नको ते सोडा हो. अकरा वर्षं चाकावर बसलेय, चाक माझं झालं तर मी काही रडणार नाही. पण हे तुम्ही सांगायचं ना, ताई! साहेबांनी कागद हातात दिला तेव्हा मी आधी तुमच्या रिकाम्या स्टुलाकडे पाहिलं. म्हटलं ताईंना काही झालंबिलं की काय.”

कवळीताईने हात पुसून कागद घेतला. नवऱ्याचं अक्षर ओळखायला चष्मा लागला नाही. मोत्यासारखं, सरळ, एकेक अक्षर पट्टीला टेकून उभं असलेलं. ‘वर्कशॉप हस्तांतर. टप्पा पहिला.’ खाली यादी. कवळ्या शिजवायचं भांडं, एक. पितळी साचे, सोळा. पॉलिशचं चाक, एक. आणि सातव्या क्रमांकावर, ‘सौ. बसते ते स्टूल, एक.’

“स्टुलाला नंबर दिलाय,” ती म्हणाली.

“हो ना. मला नाही दिला, देवाची कृपा.”

कागदाच्या तळाशी एक चौकोन होता. ‘जोडीदाराचा होकार.’ आणि चौकोनात, झेरॉक्समध्ये किंचित काळवंडलेली, कवळीताईची स्वतःची सही होती.

ही सही तिनेच केली होती, यात वाद नव्हता. दीड महिन्यापूर्वी, चहाच्या सुट्टीला पाच मिनिटं उरली असताना, एका शिबिरात. ते शिबिर आठवलं की अजूनही तिच्या तोंडाला कडू चव येई.

त्याचं झालं होतं असं. नवऱ्याच्या कंपनीने यंदा निवृत्त होणाऱ्या लोकांसाठी दोन दिवसांचं शिबिर ठेवलं होतं, ‘अर्थपूर्ण उत्तरार्ध’ नावाचं. पहिल्या दिवशी नवरे, दुसऱ्या दिवशी नवरे आणि बायका. शिकवायला जो माणूस आला होता तो फार तर पस्तिशीचा. कॉलरला माइक, पायात मोज्यांशिवाय बूट, आणि चेहऱ्यावर आपण सगळं भोगून आल्याचं समाधान. पस्तिशीच्या माणसाने साठीला टेकलेल्यांना नव्वदीत कसं वाटेल ते सांगायचं! कवळीताईने त्याचं तिथेच समाधानगुरू असं नाव ठेवलं.

“डोळे मिटा,” समाधानगुरू म्हणाला होता. “तुम्ही नव्वद वर्षांचे आहात. खुर्चीत बसला आहात. कशाचा पश्चात्ताप होतोय?”

“ही खुर्ची घेतल्याचा,” कवळीताई शेजारणीच्या कानात म्हणाली. शेजारणीला हसू आवरेना, म्हणून गुरूने या दोघींकडे मोर्चा वळवला.

“ताई, तुमचं सांगा. तुमच्या आयुष्याचं स्वप्न काय?”

“तुमचा वरचा डावा सुळा बसवलेला आहे ना? रंग चुकलाय. दोन छटा पिवळा हवा होता.”

त्यानंतर गुरू तिच्या वाटेला गेला नाही, पण दिवसभर बोलताना ओठ मात्र डावीकडे ओढून धरत होता. दुपारी सगळ्यांना एक फॉर्म वाटला. आगाऊ पश्चात्तापांची यादी. म्हणजे अजून झालेच नाहीत ते पश्चात्ताप आधी लिहून काढायचे, मग एकेकापुढे तो टाळण्याची तारीख घालायची. तीस-चाळीस पुरुष शाळकरी मुलांसारखे माना खाली घालून लिहायला लागले. जन्मभर घड्याळाला जुंपलेले ते बैल. दोर सुटायची वेळ आली तर स्वतःच नवा दोर वळत बसले होते. कवळीताईचा नवरा तर पुरवणी मागून आला. चहाची वेळ झाली तेव्हा त्याने कागद पुढे केला, “इथं सही लागते तुझी,” म्हणाला, आणि तिने केली. वाचलं नाही. कुरियरवाल्याच्या वहीत करतात तशी. ज्या गोष्टीची कीव येते ती काय वाचायची?

आता ती वाचत होती.

“ताई,” पॉलिशवाली हळूच म्हणाली, “तुम्ही खरंच जाणार त्या टेकडीवर?”

“तुझं चाक चालू कर,” कवळीताई म्हणाली. “गायिकेला परवा द्यायचीय.”

*

टेकडीची गोष्ट बावीस वर्षं जुनी होती.

कवळीताईचा नवरा ड्राफ्ट्समन. एका बांधकाम कंपनीत पस्तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या घरांचे नकाशे काढले, म्हणून ऑफिसात आणि गल्लीत सगळे त्यांना नकाशेसाहेब म्हणत. स्वभावाने गरीब गाय. आवाज चढवलेला कुणी ऐकला नव्हता, पेन्सिलसुद्धा ते हलक्या हाताने टोकदार करीत, पेन्सिलीला लागू नये म्हणून. शहरापासून अडीच तासांवर एका टेकडीवर त्यांनी जमिनीचा तुकडा घेतला, आणि तिथं बांधायच्या घराचा नकाशा काढायला बसले. ते अजून बसलेलेच होते.

पहिल्या नकाशात जिना डावीकडे होता. दुसऱ्यात उजवीकडे गेला. तिसऱ्यात परत डावीकडे आला, पण वळण घेऊन. सहाव्या नकाशात गच्चीवरचं पावसाचं पाणी कुठून उतरवायचं यावर दोन वर्षं विचार चालला. गच्चीच नसल्यामुळे तोवर पाणी आपलं सरळ जमिनीत जात होतं. आणि त्यांची पद्धत अशी की जुना नकाशा खाली, त्यावर ट्रेसिंग पेपर, आणि जे बदलायचं तेवढं बदलून बाकीचं जसंच्या तसं वर उतरवायचं. असे चौदा नकाशे झाले. गुंडाळ्या कपाटावर रचून ठेवल्या होत्या, कापडाच्या दुकानातल्या ताग्यांसारख्या. एकही तागा कधी फाडला गेला नाही.

सुरुवातीला सासूबाई विचारायच्या. भाड्याच्या या घरात त्यांची खोली मागची. खिडकी उघडली की शेजारच्या इमारतीची भिंत, इतकी जवळ की हात लांब करून तिच्यावर हिशेब लिहिता आला असता. त्या खाटेवर बसून हाक मारायच्या, “झालं का रे घर?” आणि नकाशेसाहेब म्हणायचे, “एवढी ही रिव्हिजन संपू दे, आई.” नववी रिव्हिजन चालू असताना सासूबाई गेल्या. त्या प्रश्नाचं उत्तर मग कुणी कुणाला दिलं नाही, आणि खोलीत इस्त्रीचं टेबल आलं.

या सगळ्या काळात कवळीताई काय करत होती? तर दात करत होती. शिक्षण बेताचंच. एका म्हाताऱ्या कारागिराच्या हाताखाली आधी प्लॅस्टर कालवायला म्हणून लागली आणि बघून बघून शिकली. ठसा बघून माणूस ओळखायची. हा रात्री दात खातो, ही एकाच बाजूने चावते, याने आयुष्यभर राग गिळलाय. गावातले सहा डॉक्टर तिच्याशिवाय दुसरीकडे काम देत नसत. त्या दहा बाय बाराच्या खोलीत उत्तरेचा उजेड यायचा, तिथं ती स्टुलावर बसली की तिला कुणी सून, बायको, आई म्हणत नव्हतं. टेकडीवर ना डॉक्टर, ना पेशंट. टेकडीवर जायचं म्हणजे स्टूल सोडायचं, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

आणि नवऱ्याच्या नकाशांकडे तिने बावीस वर्षांत कधी नीट पाहिलंही नव्हतं. ते बोलवायचे, “अगं, हे बघ, खिडकी फिरवली.” ती पोळपाट पुसत लांबूनच म्हणायची, “वा! आता वाराही नवीन नंबर घेऊन येईल.” आणि पुढे जायची. कागदावरच्या घराला कोण कशाला वाकून बघतं?

*

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा नकाशेसाहेब हॉलमध्ये ड्रॉइंग बोर्डपाशी उभे होते. जेवायच्या टेबलावर तक्ता पसरलेला. निळ्या, हिरव्या, लाल चौकोनांचा. साठ ते ऐंशी, वीस वर्षांचं आयुष्य, तीन-तीन महिन्यांच्या खणांत.

“अहो, माझ्या स्टुलाला नंबर दिलात म्हणे.”

“हो. सात.”

“आणि मला कितवा?”

“तू यादीत नाहीस गं,” ते निरागसपणे म्हणाले. “तू टप्पा दुसरा.”

कवळीताई खुर्चीत बसली. दुसरी कुणी असती तर तक्ता उचलून खिडकीबाहेर भिरकावला असता. तिने तो वाचायला घेतला. एकसष्टाव्या वर्षी, पहाटे फिरणे. बासष्टाव्या वर्षी, तारे ओळखणे. त्रेसष्टाव्यात, ‘जुने मित्र (उरलेले)’. सदुसष्टाव्या वर्षाच्या दुसऱ्या तिमाहीत एक हिरवा चौकोन होता, त्यात लिहिलं होतं, ‘मनमोकळ्या गप्पा, सौ. बरोबर.’

“ह्याला अजून सात वर्षं आहेत,” ती म्हणाली. “तोवर मुकेपणानेच बसायचं का?”

“तसं नाही. तेव्हा वेळ मोकळा आहे.”

“बरं झालं सांगितलंत. मी तोवर बोलायचे विषय साठवून ठेवते. बरणीत.”

“तू चेष्टा कर. पण म्हातारपणी माणसाला न केलेल्या गोष्टीच खातात. शिबिरात सांगितलं ना.”

“तो सुळेवाला! त्याला स्वतःच्या दाताचा रंग कळत नाही, तुमच्या म्हातारपणाचा कळला?”

“सही आहे तुझी,” नकाशेसाहेब हळू आवाजात म्हणाले, आणि तिच्याकडे बघत राहिले. काहीतरी ऐकायचं असल्यासारखे.

आता इथं खरं तर एका शब्दाचं काम होतं. पण तो शब्द कवळीताईच्या तोंडात कधी बसलाच नव्हता. टोमणे होते, वाटेल तेवढे. लग्नाला एकतीस वर्षं झाली, त्यात तिने नवऱ्याला, त्याच्या पेन्सिलींना, त्याच्या टेकडीला इतके टोमणे मारले होते की त्यांच्या विटा केल्या असत्या तर घर दोनदा बांधून झालं असतं. पण सरळ तोंडावर ‘नाही’? एवढ्या गरीब माणसाला कसं म्हणायचं? म्हणजे आजाऱ्याच्या उशाशी बसून त्याला काय झालंय ते सांगण्यासारखं. मुलगा म्हणत नव्हता, नणंद म्हणत नव्हती, मग आपणच का वाईट व्हा?

म्हणून ती वेगळंच बोलली.

“हे बघा,” ती म्हणाली, “आम्ही कवळी शिजवायच्या आधी मेणात बसवतो. माणसाच्या तोंडात घालून बघतो. तो बोलतो, हसतो, शिव्या देऊन बघतो. चुकलं तर मेण मऊ करता येतं. एकदा शिजली की मग बोंबला. तुम्ही बावीस वर्षं कागदावरच दात काढताय. तुमचं हे घर एकदा मेणात बसवून बघू की.”

“म्हणजे?”

“वन्संच्या शाळेचं मैदान रविवारी रिकामं असतं. तिथं आखा. खऱ्या मापाचं. भिंती, दारं, सगळं. पोराला बोलावू, वन्संना बोलावू. फिरून बघू त्यात.”

तिचा बेत साधा होता. भर उन्हात, चारचौघांत, पांढऱ्या रेघांच्या मध्ये उभं राहिलं की त्यांनाच आपलं हसू येईल. कुणाला काही म्हणावं लागणार नाही. पण नकाशेसाहेबांचा चेहरा असा काही उजळला, की तिलाच मान वळवावी लागली.

“एकास एक?” ते म्हणाले. “एकास एक मापात आजवर मला कुणी काढूच दिलं नाही.”

*

रविवारी सकाळी आठला सगळी वरात मैदानावर. नणंद शाळेतच कारकून, तिने फाटकाचं कुलूप उघडलं. रेघा मारायला चुना आणायचा तर पॉलिशवालीने अक्कल लढवली, वर्कशॉपात दमट होऊन वाया गेलेलं प्लॅस्टर तीन गोणी पडून होतं, ते ती स्कूटरवर घालून घेऊन आली. मुलगा पाण्याचे पंप दुरुस्त करायचा. रविवारचा एकच दिवस सुट्टीचा, म्हणून तोंड पाडून आला होता.

“आई, हे कशाला काढलंस मध्येच?” तो कुजबुजला. “त्यांचं चाललंय ते चालू दे ना. कुणाला काय त्रास आहे?”

“मला आहे. एकतीस तारखेला माझं स्टूल चाललंय.”

“मग सांग ना त्यांना.”

“तू सांग. तू मुलगा आहेस.”

“मी कशाला सांगू? मला कुठं जायचंय तिकडे!” असं म्हणून त्याने दोरी उचलली आणि बापाच्या मदतीला पळाला. शूर घराणं.

दोन तास नकाशेसाहेब मैदानभर फिरत होते. खुंट्या, दोरी, टेप, आणि हातात चौदावा नकाशा. कोपरे काटकोनात आहेत की नाहीत ते तीन-चार-पाचच्या मापाने तपासत. प्लॅस्टर मुठीतून सोडताना हात एवढा स्थिर की रेघ बोटभर जाडीची, कुठंही तुटलेली नाही. अंगावरचा शर्ट घामाने भिजला होता, टक्कल लाल झालं होतं. कवळीताई झाडाखाली बसून बघत होती. तिच्या मनात आलं, आपण गायिकेची फट अशीच ठेवतो. मग तिने तो विचार झटकला. फट कुणाला तरी हवी होती.

“या!” नकाशेसाहेबांनी हाक मारली. “चपला काढा. फरशी आहे.”

“दादा, माती आहे ती,” नणंद म्हणाली. पण चपला तिने काढल्या.

सगळे दारातून आत गेले. दार म्हणजे रेघेतली साडेतीन फुटांची मोकळी जागा. पॉलिशवाली भिंतीवरून आली तर नकाशेसाहेब कळवळून म्हणाले, “अहो, भिंतीतून कशा येता!” आणि ती बिचारी बाहेर जाऊन पुन्हा दारातून आली. मग दाखवणं सुरू झालं. ही बैठक. हा जिना, याला वळण आहे, डोकं आपटणार नाही. ही आमची झोपायची खोली. ही मुलाची, टेबल खिडकीखाली, अभ्यासाला उजेड डावीकडून.

“बाबा, मी तिशीला आलो,” मुलगा म्हणाला. “पंप दुरुस्त करतो मी.”

“हो, ते ट्रेसिंगमध्ये राहून गेलं.”

“आत्याची पण आहे का हो खोली?” पॉलिशवालीने कौतुकाने विचारलं.

“आहे ना. पाहुण्यांची. कपाटासकट.”

“दादा, मला गुडघे आहेत,” नणंद म्हणाली. “टेकडी चढायची तर तुला मला डोलीत घालून न्यावं लागेल. दात होते तेव्हा चणे नव्हते, आता चणे आले तर गुडघे गेले.” सगळे हसले. तीही हसली, आणि मग हसता हसता तिचं लक्ष पुढच्या खोलीकडे गेलं.

ती खोली मोठी होती. पूर्वेला रुंद खिडकी. दार इतर दारांपेक्षा हातभर रुंद, आणि उंबरठा नाही, चाकाची खुर्ची सहज जावी म्हणून. कुणी विचारलं नाही कुणाची. नकाशेसाहेबांनीही सांगितलं नाही. चौघेही त्या चौकोनाला वळसा घालून पुढे गेले, जणू आत कुणी निजलं होतं. मुलाचा पाय चुकून रेघेवर पडला तर त्याने चटका बसल्यासारखा मागे घेतला, आणि वाकून बोटांनी ती रेघ नीट केली.

कवळीताई मागे राहिली होती. तिला हसायचं होतं, त्यासाठीच तर हा घाट घातला होता. पण तिचं भलतंच चाललं होतं. ती दिशा बघत होती. उत्तर कुठली? इथं भिंत, म्हणजे उजेड असा येईल. प्लॅस्टरला पाणी लागतं, मोरी जवळ हवी. स्वयंपाकघराच्या पलीकडे एक जागा निघते का? दहा बाय दहा असली तरी चालेल. डॉक्टरांचं काम कुरियरने येईल की. दोन डॉक्टर तुटतील, चार राहतील. बावीस वर्षं ज्या कागदाकडे तिने मान वाकवून पाहिलं नव्हतं, त्याच्या रेघांमधून ती आता भराभर चालत होती. बैठकीतून जिन्यापाशी, जिन्यापासून स्वयंपाकघरात, तिथून मागच्या पडवीत. एक कोठी होती. एक हत्यारांची खोली होती, त्यांच्या. फुलझाडांना पाणी घालायच्या झाऱ्यांना वेगळा कोनाडा होता. झाऱ्यांना!

ती पुन्हा पहिल्यापासून फिरली. मग स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली.

“अहो,” ती म्हणाली. “माझी कामाची खोली कुठं आहे?”

मैदानाच्या कडेचं एक कुत्रं बैठकीच्या भिंतीतून सरळ आत आलं आणि जिन्याखाली बसलं.

“ऊन फार झालंय,” मुलगा म्हणाला. “निघूया का?”

“वहिनी, शाळेत चहाचं सामान आहे,” नणंद लगबगीने म्हणाली. “मी टाकते पटकन. सगळ्यांनी दोन-दोन घोट...”

“मी गोण्या झटकून घेते,” पॉलिशवाली म्हणाली. तिच्या हातात एकही गोणी नव्हती.

“थांबा सगळे,” कवळीताई म्हणाली. “झाऱ्यांना जागा आहे. नातवाच्या सायकलीला आहे, नातू जन्माला यायचाय अजून. गेलेल्या माणसाला उजेडाची खोली आहे, आणि मी कुठं बसायचं? गॅसच्या ओट्यावर? चौदा नकाशे काढलेत. गच्चीवरच्या पाण्याला उतार किती तो तुम्हाला झोपेत विचारला तरी सांगाल. आणि बायको काय काम करते तेवढं विसरलात? एकतीस वर्षं?”

हे बोलताना आपला आवाज फाटतोय हे तिला कळत होतं. तिला स्वतःची चीड आली. जिथं यायचंच नव्हतं तिथं आपल्याला जागा नाही म्हणून रडू यावं, यापरता मूर्खपणा कोणता!

नकाशेसाहेबांनी नकाशाची गुंडाळी केली. घट्ट, हलक्या हाताने, कडा जुळवून. मग ते कधी नव्हे ते भिंतीतूनच आले, बैठकीची रेघ ओलांडून, स्वयंपाकघराची ओलांडून, आणि तिच्यासमोर उभे राहिले. पायाचे तळवे पांढरेफेक झाले होते.

“विसरलो नाही,” ते म्हणाले. “पहिल्यात काढायला घेतली होती. उत्तरेलाच. मग खोडली.”

“का?”

नणंदेने “दादा, राहू दे,” म्हणून त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला.

“कारण तू येणार नव्हतीस. मला तेव्हाच कळलं होतं. सगळ्यांनाच माहीत आहे. हिला माहीत आहे, पोराला माहीत आहे, आईलासुद्धा माहीत होतं. तुझ्याशिवाय मी तिकडं एकटा काय करणार होतो? म्हणून बांधलं नाही. आणि तू टोमणे मारलेस, पण ‘नाही’ असं कधी म्हणाली नाहीस, म्हणून काढत राहिलो.” त्यांनी गुंडाळी काखेत धरली. “तारीख घातली ती त्यासाठीच. सहीसुद्धा न वाचता केलीस. म्हटलं, स्टुलाला नंबर दिला तर तरी बोलशील.”

कवळीताईने त्यांच्याकडे पाहिलं. बरेच टोमणे जिभेवर आले. चांगले होते. ते तिने गिळले.

“नाही,” ती म्हणाली. “मी नाही येणार.”